पुढून की मागून

शेवटच्या दिवशी मी आमच्या ह्यांच्या उजव्या कानाशी बोलत होते. दिवा लावलाय, भात शिजतोय, भाऊजी सुरगाण्याहून निघालेत... त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. पुढचं काही सांगायच्या आत ते गेले. डाव्या कानानं त्यांना कित्येक वर्षं ऐकू येत नव्हतं आणि उजव्याचंही कमी होत चाललं होतं. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आता दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, म्हणून लिहिते.

आमचं लग्न नवं होतं तेव्हा त्यांनी देवळाली कॅम्पाच्या लिलावातून जुनी पेट्रोल जीप घेतली. नाशिक ते सुरगाणा माणसं भरून न्यायचे. पुढे हॉर्न ऐकू येईना, तेव्हा मी शेजारी बसायला लागले. मागून हॉर्न आला की त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवायचं. लोक म्हणत, काय हौशी जोडपं आहे. बहिऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसणार, ही धाकधूक आमच्या दोघांतच असायची.

जीपला एक खोड होती. कधी कधी चालू व्हायची नाही, नुसते बार काढायची. ते बॉनेट उघडून वाकायचे, मी चावी फिरवून सेल मारायची आणि बार कुठून झाला ते सांगायची. पण त्यांना माझं ‘पुढून’ आणि ‘मागून’ सारखंच ऐकू यायचं. मग एका दुपारी पेठ रोडवरच्या आमच्या अंगणात त्यांनी मला नवे शब्द शिकवले.

“पुढं कार्बोरेटरात बार झाला तर गाडी शिंकली. मंग पेट्रोल बघायचं. मागं सायलेन्सरात झाला तर पादली. मंग ठिणगी बघायची. समजलं?”

मी पदरात तोंड लपवलं. मी मोठ्यानं बोलणारी बाई नव्हे. आणि तो शब्द तर तोंडातून निघणंच शक्य नव्हतं.

भादव्यातली एक सकाळ अजून डोळ्यांपुढे तरंगते. घाटात धुकं असं उतरलं होतं की बॉनेटसुद्धा पुसट दिसत होतं. आम्ही सगळे ढगातच बसून चाललोय असं वाटत होतं. चहासाठी थांबलो आणि नंतर जीप चालू होईना. मी सेल मारला. फाट्. धुक्यात तो आवाज कुठच्या कुठे विरून गेला. बॉनेटमागून त्यांनी विचारलं, “काय म्हनती गं?”

मी म्हणाले, “मागून.” ते कार्बोरेटर खोलायला लागले. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कार्बोरेटरच खोलत बसले. मागच्या बाकावर मिश्री लावत बसलेल्या आजीबाईंनी मान पुढे काढली.

“बाई, तुझा डायवर बहिरा हाय का गं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी डोळे मिटले आणि जेवढा आवाज अंगात होता तेवढ्यानं ओरडले, “अहो, पादली.”

आधी आजीबाईच हसल्या. मिश्रीचं बोट तसंच हवेत राहिलं. मग सगळी जीप हसायला लागली, हादरायला लागली. बहिरेपणाची गोष्ट त्या हसण्यात कुठल्या कुठे गेली. ते माझ्यापाशी आले आणि माझ्या पदराचं टोक धरलं. ठिणगी वाटून देणाऱ्या डेलकोचं झाकण काढून आणलं होतं, त्याच्या आत दव धरलं होतं. ते पदरानं पुसलं, बसवलं... आणि जीप पहिल्या सेलला चालू झाली.

त्यानंतर माझा एकही पदर ग्रीसच्या डागाशिवाय राहिला नाही. घाटात ओळखीची माणसं भेटली की विचारत, वहिनी, आज काय म्हणते गाडी? मी मान खाली घालायची. ते मात्र समोर बघत हसत राहायचे. त्यांना ऐकू आलेलं असायचं की नाही, कोण जाणे.

परवा भाऊजी म्हणाले, जीप उभी राहून गंजेल, चालू करून बघू. ते बॉनेटपाशी वाकले. मी आपली सवयीनं स्टिअरिंगपाशी जाऊन बसले, सेल मारला. फाट्.

“वहिनी, आवाज कुठून आला?”

तो शब्द अगदी ओठांवर आला होता. मी हळूच म्हणाले, “मागून.”

भाऊजींना एकदाच सांगून ऐकू आलं. त्यांनी डेलकोचं झाकण काढलं आणि खिशातून रुमाल काढून पुसायला लागले.

तोवर मी खाली उतरून पदर पुढे केला होता.