चेअरमन उठतात तो सीन

धरण आटलं म्हणून जागा मिळाली आणि लग्नं लांबली म्हणून सामान मिळालं. या दोन गोष्टी त्याच वर्षी घडल्या नसत्या तर आमची फिल्म झाली नसती.

मी तेव्हा बीडच्या एका दैनिकात जिल्हा पान बघत होते. त्या उन्हाळ्यात पान टंचाईच्या बातम्यांनीच भरायचं. माजलगाव धरणाचं पाणी इतकं मागं गेलं होतं की पूर्वी बुडालेल्या एका गावाचा पार उघडा पडला होता. त्याच्याभोवती तडकलेली जमीन होती आणि नजर जाईल तिथवर एकही झाड नव्हतं. छायाचित्र पानावर लावताना मला रविवारी दुपारी टीव्हीवर लागणारे जुने घोडेस्वारांचे इंग्रजी सिनेमे आठवले. ओसाड गाव, धूळ, एक अनोळखी स्वार आणि गावाला वेठीस धरणारा एक बडा माणूस. त्या सिनेमांत बाई खिडकीतून बघते. आपण बाईला घोड्यावर बसवू आणि पुरुषांना खिडकीतून बघायला लावू, एवढंच सुरुवातीला ठरलं. पुण्याच्या एका लघुपट स्पर्धेची मुदत जवळ आली होती.

कलाकार दिंद्रुडच्या अलीकडच्या एका गावातले. तिथं महिलांची दूध संस्था होती आणि बातम्यांसाठी माझं तिथं वरचेवर जाणं होतं. पत्र्याची एक खोली, दुधाचे कॅन, फॅट काढायचं मशीन, भिंतीला टेकवलेली एक लाकडी खुर्ची. संस्थेच्या अध्यक्षबाई चाळिशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. चार वर्षं अध्यक्ष होत्या, पण गावात ‘चेअरमन’ म्हटलं की त्यांचे मालक. बाईंना लोक ‘चेअरमनीणबाई’ म्हणत. सभेला खुर्चीवर मालक बसत आणि बाई इतर बायकांबरोबर सतरंजीवर. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मालक मोटारसायकलवर कॅन बांधून शीतकरण केंद्रावर नेत, तिथल्या लोकांशी भांडत, दर वाढवून आणत. माणूस कष्टाळू होता. आपण बायकोला मदत करतो, असं त्यांना मनापासून वाटे.

त्या उन्हाळ्यात दूध निम्म्यावर आलं होतं. एवढ्याशा दुधासाठी संस्था चालवणं परवडत नाही, ती बंद करून गावातल्या मोठ्या संस्थेत मिसळावी, असं मालकांचं मत झालं होतं. पुढच्या महिन्यात विशेष सभा होती. त्यांचं गणित चूक नव्हतं. त्यात एक गोष्ट मात्र धरलेली नव्हती. ती अध्यक्षबाईंनी मला गव्हाणीत कडबा टाकता टाकता सांगितली.

“तिकडं खाती बाप्यांच्या नावानं हायत. हितं दुधाचा पगार माझ्या हातात येतो. समद्याजणींच्या येतो. तिकडं गेला की गेला.”

“मग सभेत सांगा ना.”

“सभेत हे बसत्यात.”

“तुम्ही अध्यक्ष आहात.”

“हाय की,” त्या म्हणाल्या आणि म्हशीकडे वळल्या.

फिल्मची गोष्ट संस्थेच्या खोलीतच तयार झाली. गावात पाणी नाही, टँकर चेअरमनच्या वाड्यामागं लपवलेला आहे, आणि कुणाला पत्ता नाही, इथपर्यंत मी आणलं होतं. नायिकेला टँकर सापडतो कसा, ते सुचत नव्हतं. खलनायकाचं काम करायला तयार झालेल्या मामी, सगळ्या गावाच्या मामी, वय साठीच्या पुढं, तंबाखू मळत म्हणाल्या, “त्याच्या दुधात पाणी निघू द्या.”

“निघालं तर?”

“अगं बाई, गावात प्यायला पाणी न्हाई. मग ह्यानं दुधात घालायला आणलं कुठनं?”

खोलीभर हशा पिकला. गोष्ट तिथं पूर्ण झाली. पिस्तुलं परवडणारी नव्हती आणि शोभलीही नसती. लांब दांड्याची दुधाची मापं बायकांनी कमरेला खोचली. धरणाच्या पात्रात दोघी समोरासमोर उभ्या राहतील, माप उपसतील, दुधाची परीक्षा होईल. शेवटी नायिका, म्हणजे अध्यक्षबाई, संस्थेत येऊन चेअरमनला खुर्चीवरून उठवेल. तिचं एकच वाक्य होतं: “उठा. ही खुर्ची माझी हाय.”

सगळी गोष्ट मालकांनाही वाचून दाखवली. सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. “असला चेअरमन आपल्याकडं एक दिस चालायचा न्हाई,” म्हणाले. बायकोनं घोड्यावर बसायला त्यांची हरकत नव्हती. “संस्थेचं नाव व्हईल,” म्हणाले आणि डोक्यावर घालायची टोपी स्वतः आठवडी बाजारातून घेऊन आले. गोल काठाची, उन्हाळी, गुलाबी. ती आम्ही बुटाच्या पॉलिशनं तपकिरी केली.

कॅमेरा माजलगावच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा. घोडी त्याच्या मामूंची, वरातीची. एरवी त्या महिन्यांत दोघांची तारीख मिळाली नसती. दुष्काळानं लग्नं पुढं गेली आणि दोघंही रिकामे होते. त्यांनी मोबदला नाममात्र घेतला. पण लग्नाची माणसं लग्नाच्याच पद्धतीनं काम करणार, हे आमच्या लक्षात पहिल्या दिवशी आलं.

पहिला शॉट असा होता: तडकलेल्या पात्रातून नायिका घोडदौड करत येते. अध्यक्षबाई लुगडं खोचून, टोपी घालून बसल्या. घोडी जागची हलेना.

“मामू, पळवा की,” मी म्हटलं.

“आपा, ये बारात की घोडी है. भागनेवाली नै,” मामू शांतपणे म्हणाले. “बाजा बजा तो चलेगी.”

व्हिडिओवाल्यानं मोबाइलवर बँड लावला. घोडी लगेच मान उडवत, पाय नाचवत निघाली. पाठीवर अध्यक्षबाई डुलत होत्या. चेहरा ठरल्याप्रमाणे करारी ठेवला होता. बुडालेल्या गावाच्या पारापाशी येऊन घोडी थांबली. तो पार मारुतीचा होता. पाणी ओसरल्यावर कुणीतरी दगडाला शेंदूर लावून झेंडा रोवला होता. वरात मारुतीला जाते, नवरदेव उतरतो, पाया पडतो, मगच घोडी पुढं निघते. गेली नऊ-दहा वर्षं तिला हेच माहीत होतं. मामूंनी लगाम ओढला, व्हिडिओवाल्यानं बँडचा आवाज वाढवला. उपयोग झाला नाही.

“उतरा, चेअरमनीणबाई, नवरदेव झालाव तुमी,” मामी ओरडल्या. त्यांच्या काजळाच्या मिशा घामानं ओघळत होत्या. “पाया पडा, त्याबिगर सुटका न्हाई.”

अध्यक्षबाई उतरल्या, टोपी काढून पाया पडल्या, परत बसल्या. घोडी निघाली. हे सगळं फिल्ममध्ये तसंच ठेवलं, कारण व्हिडिओवाल्यानं कॅमेरा बंदच केला नव्हता. लग्नात कधी काय होईल सांगता येत नाही, म्हणून तो कधीच बंद करत नसे. त्याची दुसरी सवय म्हणजे कुणीही पाहुणा सुटू नये. माप उपसण्याच्या ऐन क्षणी कॅमेरा दोघींवरून निघायचा आणि बघायला जमलेल्या प्रत्येकावरून फिरून परत यायचा.

“कावून फिरवतो रे?” मामींनी विचारलं.

“खाला, एकाला घेतलं नाही तर तो वर्षभर बोलत नाही.”

खुर्चीचा सीन शेवटी ठेवला होता. संस्थेची खोली, संस्थेचीच खुर्ची. मिशा लावलेल्या मामी ऐसपैस बसल्या. अध्यक्षबाई दारातून आत आल्या, समोर उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “उठा जरा. खुर्ची माझी हाय.”

“मला जेवायला उठवती का गं?” मामींनी मिशीतून विचारलं.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. पात्रात, उन्हात, घोडीवरून गावाला ऐकू जाईल अशी आरोळी देणारी बाई या खोलीत आली की आवाज उतरत होता. मी सांगून पाहिलं, व्हिडिओवाल्यानं सांगून पाहिलं. दारात मालक उभे होते. त्यांनीही सांगून पाहिलं, “अगं, दणकून म्हण की, पिक्चर हाय.” सहाव्या-सातव्या खेपेला जेमतेम चालेल असं वाक्य आलं. मामी उठल्या, अध्यक्षबाई खुर्चीवर बसल्या, मी ठीक आहे म्हटलं. काम संपलं.

मग व्हिडिओवाल्यानं सवयीनं पुढचं काम सुरू केलं. मुख्य विधी झाला की घरच्यांना घ्यायचं असतं. “चेअरमनसाब, या, बसा,” तो म्हणाला. “भाभी, बाजूला उभ्या राहा.”

मालक पुढं आले. अध्यक्षबाई तत्क्षणी उठल्या. टोपीवरून पदर ओढून घेतला आणि खुर्चीच्या बाजूला उभ्या राहिल्या. मालक बसले, शर्ट नीट केला, कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“अगं बया,” मामी म्हणाल्या, “मला उठवायला सकाळपास्नं राबलीस, आन् ही खुर्ची सोडायला एवढा पण येळ लागला न्हाई?”

सगळ्या हसल्या. मालकही हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. मग त्यांनी डोक्यावरचा पदर मागं घेतला, खुर्चीसमोर आल्या आणि म्हणाल्या, “उठा. ही खुर्ची माझी हाय.”

आवाज मोठा नव्हता. खोलीच्या कोपऱ्यात, मशीनपाशी उभ्या असलेल्या मला तो स्पष्ट ऐकू आला. हसणं थांबलं.

मालकांनी इकडंतिकडं पाहिलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. त्यांचा चेहरा खुलला. दोन्ही हात वर करून ते उठले. “उठतो बाई, उठतो. माप उगारू नका.” टाळ्या पडल्या. त्यांनी विचारलं, “बरं झालं का? अजून एकदा करू?”

अजून एकदा केलं नाही. संकलन करताना तोच टेक वापरला. त्यामुळे आमच्या फिल्ममध्ये खुर्चीवर बसतो तो चेअरमन मिशीवाला आणि म्हातारा आहे, आणि उठतो तो बिनमिशीचा आणि पन्नाशीचा. स्पर्धेच्या परीक्षकांनी हे जाणीवपूर्वक केलेलं असल्याचं गृहीत धरून एका ओळीत कौतुक केलं. बक्षीस दुसऱ्या फिल्मला मिळालं.

त्याआधी गावात फिल्म दाखवली. व्हिडिओवाल्यानं लग्नातला पडदा आणला आणि संस्थेच्या भिंतीला लावला. टँकरची वाट बघत घागरी घेऊन बसलेले लोक घागरींसकट आले. पारापाशी घोडी थांबली तेव्हा हशा झाला. दुधात पाणी निघालं तेव्हा शिट्ट्या झाल्या. सगळ्यात जास्त टाळ्या शेवटच्या सीनला पडल्या. नंतर आठवडाभर मालक जिथं जातील तिथं लोक सांगत, “चेअरमन, लई भारी उठलाव.” त्यांना ते आवडत होतं. केंद्रावर कॅन उतरवताना त्यांनी मलाही विचारलं, “बघितलं ना कसं उठलो?”

विशेष सभेला मी वार्ताहर म्हणून गेले. सभासद बायका सतरंजीवर बसल्या होत्या. मालक नेहमीप्रमाणे आधी येऊन खुर्चीवर बसले होते. विषय एकच होता: संस्था मिसळायची की नाही. अध्यक्षबाई शेवटी आल्या. म्हशीचं पाणी बघून आल्या होत्या, हात ओले होते. त्या सतरंजीवर बसल्या नाहीत. चालत खुर्चीपर्यंत गेल्या.

“उठा,” त्या म्हणाल्या. “ही खुर्ची माझी हाय.”

मालक हसले. त्यांनी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, माझ्या मागं. “शूटिंग हाय का?”

“न्हाई,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आज शूटिंग न्हाई.”

मामी सतरंजीच्या कडेला तंबाखू मळत बसल्या होत्या. त्यांचा अंगठा थांबला. मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. सगळ्या गावानं त्यांना एकदा उठताना पाहिलं होतं आणि टाळ्या वाजवल्या होत्या. आता न उठण्यासाठी काय करायचं असतं, हे त्यांना सुचलं नसावं. त्यांनी हातांनी खुर्चीचे हात दाबले आणि उठले. या वेळी हात वर केले नाहीत. दारापाशी एक रिकामा कॅन उपडा होता, त्यावर जाऊन बसले.

अध्यक्षबाई बसल्या. खुर्ची थोडी मागं होती, ती पुढं ओढून घेतली. मग विषय मांडला, आणि मालकांचं म्हणणं आधी सांगितलं: दूध कमी झालंय, गाडीचा खर्च निघत नाही, हे खोटं नाही. त्यानंतर गव्हाणीपाशी मला सांगितलेली गोष्ट सांगितली, जवळजवळ त्याच शब्दांत. मिसळायची ज्यांची इच्छा असेल त्यांनी हात वर करावा, म्हणाल्या. कुणी केला नाही. कॅन नेण्याचं काम कोण करणार, असं एकीनं विचारलं. सगळ्यांनी दाराकडं पाहिलं.

“मी नेतोच की,” मालक म्हणाले. “न्हेणार न्हाई असं मी कुठं म्हणलो?”

चहा आला. आणणाऱ्या बाईनं सवयीनं पहिला कप दारापाशी नेला. मालकांनी तो घेतला, हातात धरून ठेवला, आणि मग सतरंजीवरून हातोहात पुढं पाठवला. खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर बशीत थोडा सांडला होता. अध्यक्षबाईंनी बशीतला आधी प्यायला, मग कपातला.