डोंगर खाली ठेवलेला मारुती

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी निपाणीतल्या आमच्या गल्लीच्या देवळात आम्ही तिघे होतो: पुजारी, चित्रकार आणि हिशेब ठेवणारा मी. भिंतीवर द्रोणागिरी घेऊन उडणारा मारुती काढायचे पंधरा रुपये ठरले होते. चित्रात डोंगर खाली होता आणि मारुती त्याला टेकून घाम पुसत होता.

हा चित्रकार कुणाच्या अंगावर ओझं म्हणून काढत नसे. त्याच्या गवळणीसुद्धा घागरी खाली ठेवून उभ्या असत. त्याचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. पाठीवर पोतं असतानाच ते कोसळले, ते त्याने लहानपणी पाहिलं होतं.

पुजारी ओरडले, "अरं, ह्यो हितं बसला तर तिकडं लक्ष्मण मरंल की रं! पुसून टाकतो बघ."

"एकट्यानं न्हेला तर ह्यो मरंल, आप्पा," तो जराही न हसता म्हणाला.

दोघे तासभर भांडले. मलाही खरोखर लक्ष्मणाची काळजी वाटू लागली. "मदतीला चौघं दे," मी म्हणालो, "पण डोंगर उचल बाबा!"

संध्याकाळी डोंगर आभाळात गेला. मारुतीच्या बरोबरीने चार वानरांनी त्याला खांदा लावला होता. पुजाऱ्यांनी नारळ फोडला.

पैसे देताना चित्रकाराने मला थांबवलं. "अण्णा, वानरांची हमाली माझ्यातनं कापा. माणशी दोन आणे."

"वानरांना देऊ कुठं?"

त्याने पायरीवर बसलेले चार हमाल दाखवले. त्यांचेच खांदे बघून त्याने वानरं काढली होती.

चित्रकाराला साडेचौदा रुपये दिले. आठ आणे वानरांनी घेतले.