पूजेला काढलेल्या दोन डिस्क

सांगलीत आमचं ब्लाउजवरच्या भरतकामाचं दुकान आहे. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुसून पाटावर मांडतो. पूर्वी कात्र्या, सुया, रिंगा असायच्या. आता भरतकाम मशीन करतं आणि त्याला नक्षी कॉम्प्युटर पुरवतो. म्हणून मी सुनेला म्हटलं, "नुसता डबा काय पुजायचा? आतलं काढ." तिने कुरकुरत दोन हार्ड डिस्क काढून दिल्या.

नवीवर कॉम्प्युटर चालतो. दुसरी जुन्या कॉम्प्युटरातली. तिच्यात माझ्या हातच्या नक्ष्या आहेत. चाळीस वर्षं मी त्या कागदावर काढल्या, सुनेने फोटो घेऊन आत घातल्या. कागद वाळवीने खाल्ले.

दसऱ्याला सून शेजारी सोनं द्यायला गेली, तेव्हा डिस्क मीच परत बसवल्या. आल्यावर तिने विचारलं, "वायरी होत्या तशाच लावल्या न्हवं?" मी म्हटलं, "व्हय."

मी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक ओळ आली आणि कॉम्प्युटर तिथेच अडकला. दुरुस्तीवाला आला. म्हणाला, "जुन्या डिस्कवरचं मोडकं विंडोज उठायला बघतंय. फॉरमॅट मारतो, कटकट मिटली."

"तिच्यात आत्यांच्या नक्ष्या हायत!" सून ओरडली.

"काढतील की आजी परत. बसूनच असत्यात."

माझे हात आता थरथरतात. तरी मी गप्प होते. सुनेपुढे खोटं पडायचं नव्हतं, एवढंच. त्याने पिशवीतून सीडी काढली, तेव्हा म्हटलं, "थांब. वायरी बदलल्या असतील. मी न बघता लावल्यात."

"आवं आत्या, मग काल व्हय कसं म्हणालात?"

"खोटं बोलले."

वायरी बदलल्यावर कॉम्प्युटर सुरळीत सुरू झाला. मग सुनेने समजावलं. डिस्कचे भाग पाडलेले असतात. ज्या भागावरून कॉम्प्युटर सुरू व्हायचा, त्यावर 'अ‍ॅक्टिव्ह' अशी खूण असते. आमच्या दोन्ही डिस्कवर ती होती. जुनीची कुणी काढलीच नव्हती. पहिल्या वायरीला जुनी लागली, म्हणून कॉम्प्युटर तिच्याकडे गेला.

"मग जुनीची खूण काढा," मी म्हटलं. "पण नक्ष्या?"

"खूण काढल्यानं आतलं जात न्हाई," सून म्हणाली. दुरुस्तीवाला आज्ञा टाइप करू लागला. ती त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. "आधी डिस्कचा नंबर मोठ्यानं वाचा. आणि साइज. नवीची खूण गेली तर परत तेच रडगाणं." त्याने तोंड वाकडं करून वाचलं, मगच एंटर दाबलं.

फॉरमॅटचं ऐकूनही मी सीडी निघेपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. कॉम्प्युटर बिघडला हे मला फारसं लागलं नाही. हे लागलं.

संध्याकाळी सुनेने सगळ्या नक्ष्या नव्या डिस्कवरही उतरवल्या. मी शेजारी बसून एकेक बघितली. निम्म्या भिकार आहेत, तसं बोललेही. ती म्हणाली, "ह्या काढून टाकू?"

"हात लावू नको," मी म्हटलं.