शनिवारचे मेष्ट्रू

आमचे सर उभ्याने झोपत. बंगळूरच्या शिवाजीनगरहून सुटणाऱ्या बसमध्ये बसायला जागा मिळेल ही आशा त्यांनी केव्हाच सोडली होती. वरचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा, कपाळ दंडाला टेकवायचं आणि डोळे मिटायचे. कंडक्टरच्या ते ओळखीचे झाले होते. उतरायची जागा आली की तो "मेष्ट्रे!" म्हणून हाक मारी. मेष्ट्रू म्हणजे कानडीत मास्तर. सर डोळे उघडत, आम्हा विद्यार्थ्यांकडे बघत, आणि आम्ही वाटेत कुठे गळून पडलेलो नाही हे दिसलं की एक मोठा सुस्कारा सोडून उतरत.

आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला समाजसेवेचा सक्तीचा पेपर होता. दर शनिवारी कोरमंगलाच्या पलीकडच्या एका पत्र्याच्या वस्तीत जायचं, तिथल्या लोकांसाठी काहीतरी करायचं आणि त्याचे मार्क घ्यायचे. नव्वदच्या दशकात हे फार नवं आणि फार थोर वाटायचं, शिकवायला मात्र कुणीच तयार नव्हतं. मग ते लोढणं वनस्पतिशास्त्राच्या सरांच्या गळ्यात आलं. सर बेळगावचे. माझे वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर, आमच्याही घरी मराठी. हे कळल्यापासून सरांना गाऱ्हाणी सांगायला हक्काचं माणूस मिळालं. "मला माणसांतलं काय कळतंय गं?" ते म्हणत. "मला गवत कळतं."

ते खरंच होतं. बंगळूरच्या आसपासच्या माळांवर उगवणाऱ्या गवतांवर त्यांची पीएच.डी. चालली होती, आणि ती बरीच वर्षं चालली होती. सोमवार ते शुक्रवार तास, रविवारी प्रयोगशाळेला कुलूप. गवत गोळा करून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तर एक शनिवारच काय तो हाताशी, आणि तो कॉलेजने काढून घेतलेला. दर जूनमध्ये सर प्रिन्सिपॉलांकडे जात आणि मला ह्यातून सोडवा म्हणून सांगत. प्रिन्सिपॉल त्यांना कॉफी पाजत आणि एवढं एक वर्ष बघा म्हणत. सर कॉफी पिऊन परत येत.

वस्तीत त्यांची बाजू घेणारी एकच बाई होती, मुनियम्मा. ती कोरमंगलातल्या बंगल्यांत धुणीभांडी करायची. आम्ही पोचलो की आधी सरांना बसायला एक स्टूल आणून ठेवायची. "शनिवारद मेष्ट्रू" हे नाव तिनेच पाडलेलं, शनिवारचे मास्तर. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "शनीच लागलाय बघ मागं." पण स्टूल घेऊन बसले.

आमचा उत्साह मात्र उतू चालला होता. कुणाला भिंती रंगवायच्या होत्या, कुणाला बायकांना आरोग्यावर भाषण द्यायचं होतं. सर प्रत्येकाला एकच सांगत, "स्वल्प थांबा." थोडं थांबा. लोकांशी आधी बोला, मग काय ते करा. आम्हाला वाटायचं, हा माणूस आळशी आहे. थोडासा होताही.

त्या शनिवारी सर आदल्या रात्रीच्या जागरणाने अगदी गळून आले होते. मुनियम्मा अजून कामावरून परतली नव्हती. सर देवळाच्या कट्ट्यावर टेकले आणि बसल्या बसल्याच झोपले. थांबा म्हणणारं कुणी उरलं नाही. आम्ही झाडू आणि टोपल्या घेऊन सफाई काढली. सार्वजनिक नळाच्या समोर तर कचऱ्याची रांगच पडली होती: फुटकी घागर, विटा, तेलाचा गंजका डबा, एक पाय मोडलेली खुर्ची, सुतळीने दगडाला बांधलेली चप्पल. आम्ही सगळं उचललं आणि बाहेर उभ्या असलेल्या कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये भरलं. ट्रॅक्टर गेला. नळासमोरची जागा आरशासारखी लख्ख झाली आणि आम्ही एकमेकांना शाबासकी दिली.

तो कचरा नव्हता, ती पाण्याची रांग होती. नळाला मंगळवार, गुरुवार, शनिवार एवढंच पाणी, तेही दुपारी कधीतरी. बायका कामावर जाताना आपापल्या नंबरावर एकेक वस्तू ठेवून जात. कुणाची वीट, कुणाची चप्पल. भांडण नाही, तंटा नाही, परत यायचं आणि आपल्या जागी उभं राहायचं. पाणी आलं तेव्हा सगळ्या धावत आल्या आणि बघतात तर रांगच नाही! मग जे व्हायचं तेच झालं. ढकलाढकली, आरडाओरडा, घागरी एकमेकींवर आदळल्या. त्या गर्दीत मुनियम्मा पडली आणि तिचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला.

सरांना आरडाओरड्याने जाग आली. धोतराचा सोगा धरावा तसा पँटचा एक पाय धरून ते गटार ओलांडून आले. काय झालं ते कळल्यावर त्यांचा चेहरा असा काही उतरला की आम्ही तिकडे बघू शकलो नाही. त्यांनी मुनियम्माला रिक्षात बसवलं. ती कळवळत होती, तरी म्हणाली, "झोपायचं तर घरी झोपायचं ना, मेष्ट्रे! इथे कशाला येता?"

सोमवारी प्रिन्सिपॉलांनी सरांना बोलावलं. वर्गप्रतिनिधी म्हणून मलाही जावं लागलं. चौकशी बसेल, सरांना बोलणी बसतील, अशा भीतीने मी गेले होते. झालं भलतंच. प्रिन्सिपॉल म्हणाले, "बंद करून टाकू हा पेपर. डोक्याला ताप नुसता. तुम्हाला तुमचा शनिवार परत मिळेल, थिसिस पुरा करा."

इतक्या वर्षांची कॉफी शेवटी फळाला आली होती. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना हो म्हणायचं होतं. ते मला इतकं स्पष्ट दिसत होतं की मीच मनात हो म्हणून टाकलं.

"आता नाही जमणार, सर," ते प्रिन्सिपॉलांना म्हणाले. "आता बंद केलं तर बाईचा हात मोडून पळाले असं होतंय. मी झोपलो होतो. पोरांना काय कळणार?"

"तुम्हाला एवढी आवड असेल तर..."

"आवड?" सर जवळजवळ चिडले. "मला अजिबात आवडत नाही तिथं जायला. पण पुढच्या शनिवारी जायला पाहिजे की."

आणि गेलो. वस्तीत आमच्याशी कुणी बोललं नाही. स्टूलही आलं नाही. पाणी आलं तेव्हा सर उठले, मुनियम्माच्या दारातल्या दोन घागरी उचलल्या आणि रांगेत जाऊन उभे राहिले. बायकांनी तोंडं फिरवली. सरांना घागर कडेवर घेता येईना. ते ती पोटाशी धरून चालले आणि अर्धं पाणी त्यांच्या पँटवर सांडलं. एक म्हातारी खो खो हसली. मग बाकीच्या हसल्या. मुनियम्मा हसली नाही, पण तिने दार उघडून धरलं. तिचं प्लॅस्टर निघेपर्यंत दर शनिवारी सर तिच्या घागरी भरत राहिले, आणि दर शनिवारी घरी जाताना कुरकुरत राहिले. बंगल्यांतली दोन कामं तिच्या हातची गेली ती गेलीच. एक नवं सरांनी ओळखीने मिळवून दिलं.

नंतरच्या तुकड्यांना म्हणे ते पहिला महिनाभर कशालाही हात लावू देत नसत. पडलेला दगड दिसला तरी "हे कुणाचं?" असं विचारून यायला लावत. पोरं वैतागत. मी मात्र आजही कुणाच्या घरातली रिकामी बाटलीसुद्धा विचारल्याशिवाय हलवत नाही, आणि माझ्या घरचे त्यावरून मला हसतात.

दशक संपता संपता मी सरांना इंदिरानगरात भेटले. भाजीच्या गाडीजवळ उभे होते, केस पांढरे झालेले. वस्ती उठली होती, तिथे रस्ता आला होता. पेपर दुसऱ्या कुणाकडे गेला होता.

"मग आता शनिवार मोकळा?" मी विचारलं. "थिसिस?"

"राहिला गं. ज्या माळांवर गवत होतं तिथं घरं झाली. गवत काय माझ्यासाठी थांबणार होतं?"

"वाईट वाटतं, सर?"

"वाटतं तर! रोज वाटतं." त्यांनी कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून पाहिली. "त्या लोकांना होसूर रोडला कुठंतरी नेऊन टाकलंय. मुनियम्माचा पत्ता लागत नाही. दोन-तीन शनिवार जाऊन आलो. एकट्याला कंटाळा येतोय. तू येतेस काय परवा?"

मी दुसऱ्याच दिवशीच्या गाडीने नोकरीसाठी पुण्याला निघणार होते. तसं सांगितलं.

"सरी, सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं, बरं. "नोकरी पहिली." आणि कोथिंबिरीचे पैसे देऊन गेले.

शनिवारी मी पुण्याच्या भाड्याच्या खोलीत सामान लावत होते. हातातलं भांडं तसंच राहिलं आणि मला एकदम रडू आलं. सर आता निघाले असणार, एकटेच, आणि जायला अजिबात आवडत नसताना.