धक्के गाडीनं खायचे

माझ्या आत्येसासूबाईंना भेटून स्वतःचं वजन चारचौघांत न सांगता सुटला, असा माणूस अख्ख्या कुंभकोणममध्ये सापडायचा नाही. त्यात देवळातले गुरुजी आले, बँकेचे मॅनेजर आले, पानमळेवाले आले आणि माझी आईही आली. आमच्या साखरपुड्याला आई सांगलीहून एवढा लांबचा प्रवास करून आलेली. तिच्या पायातल्या चपला अजून निघायच्या होत्या, तोच समोर उभ्या राहिलेल्या एका उंच, काटक बाईंनी विचारलं, "विहीणबाई, वजन किती तुमचें?" आईनं माझ्याकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं, कारण इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही तो आकडा कधी कळला नव्हता. मी नोकरीसाठी त्या गावात आलेलो आणि तिथल्याच एका जुन्या मराठी घरातली मुलगी मला पसंत पडलेली. आता हे लग्न काही होत नाही, अशी माझी खात्री झाली. तेवढ्यात होणाऱ्या बायकोनं हळूच खुलासा केला की आत्याला तुमच्या आईंना मोटारसायकलवरून स्वामीमलैच्या देवळात न्यायचंय, मागच्या स्प्रिंगा लावायला वजन लागतं. हा खुलासा ऐकून आईला बसलेला धक्का कमी झाला, असं मात्र म्हणता येणार नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. सारा जन्म सरकारी नर्स म्हणून आजूबाजूच्या खेड्यांत बाळंतपणं करण्यात गेला. बसची वाट बघत बसलं तर मूल आपल्याआधी येऊन बसतं, हा अनुभव दोनतीनदा आल्यावर त्यांनी मोटारसायकल घेतली. घरची मंडळी कर्मठ, तेव्हा गहजब होणारच होता. पण आत्याबाई गाडीवर बसल्या त्या कासोटा घातलेलं जुन्या वळणाचं लुगडं नेसून. हे लुगडं घरातल्या म्हाताऱ्या फक्त श्राद्धपक्षाला नेसायच्या. नावं ठेवायची तर लुगड्याला ठेवावी लागतील, आणि ते तर सोवळ्यातलं. म्हाताऱ्यांची बोलती बंद झाली. मराठे तंजावरला आले तेव्हा हे घराणं त्यांच्याबरोबर आलेलं. घरात मराठी, उंबरठा ओलांडला की तमिळ. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकताना मला कुणी बखर वाचतंय असं वाटायचं, आणि त्या बखरीत लढायांच्या ठिकाणी शॉकअप, कॉलर आणि फोर्कचं ऑइल यायचं.

कारण आत्याबाईंचा खरा धर्म तो. "दुकानांतून वण्डी आणली म्हणजे ती आपली झाली नाहीं," त्या सांगायच्या. वण्डी म्हणजे गाडी. "ती कोणा न जन्मलेल्या माणसासाठीं, न बांधलेल्या रस्त्यासाठीं केलेली. बसणाऱ्याची करून घ्यावी लागते." गाडीच्या मागच्या शॉकअपखाली खाचा असलेली एक कॉलर असते. वाकड्या पान्यानं ती फिरवली की स्प्रिंग कडक होते, उलट फिरवली की मऊ. जड माणसाला कडक, हलक्याला मऊ. आपण बसल्यावर गाडी दोन बोटं खाली बसली पाहिजे, हा त्यांचा हिशेब. त्याहून कमी बसली तर खड्डा पाठीच्या मणक्याला लागतो, जास्त बसली तर चाक मडगार्डला. मागच्या दांडीपासून चाकाच्या मध्यापर्यंत दोरा धरून त्या हे मापायच्या. एवढं ज्ञान बहुतेक मेकॅनिकांना असतं. पण मेकॅनिक दुसऱ्याच्या गाडीला न विचारता हात लावत नाही.

आत्याबाई लावायच्या. मी जावई म्हणून पहिल्यांदा घरी गेलो, आत कॉफी घेतली आणि बाहेर येऊन बघतो तर आत्याबाई माझ्या गाडीमागे मांडी घालून बसलेल्या, हातात पाना. "जावईबापू, ह्या वण्डीवर तुम्ही बसत होतां की सासूस घेऊन तांदळाचीं पोतीं वाहत होतां?" गाडी त्या दिवसापासून गादीसारखी चालायला लागली. सगळ्यांचं असं भलं व्हायचं नाही. पापनाशमच्या एका गुरुजींची गाडी त्यांनी अशीच परस्पर मऊ करून ठेवली. गुरुजी किरकोळ अंगाचे, पण त्या दिवशी त्यांनी बाजारातून नारळांची दोन पोती मागे बांधली आणि सारा रस्ता चाक मडगार्डला घासत, धूर काढत घर गाठलं. दुसऱ्या दिवशी ते दारात येऊन तमिळमध्ये जे बोलले, ते गुरुजींच्या तोंडून ऐकून गल्ली थक्क झाली. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नारळांचें वजन किती होतें?"

या सगळ्याला एकच माणूस बधला नव्हता, तो म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. माझे सासरे तापट, देवभोळे, विठ्ठलाचे भक्त. बहिणीची गाडी गल्लीत वाजली की उठून खिडकी लावून घ्यायचे. तीस-चाळीस वर्षांत ते त्या गाडीवर एकदाही बसले नाहीत. दर शनिवारी मरुदानल्लूरच्या मठात भजनाला जायचे ते सायकलनं. मग एकदा विहिरीपाशी घसरून पडले, मणका दुखावला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हादरा बसता कामा नये. रिक्षानं एकदा नेऊन पाहिलं, तर कोपऱ्यावरूनच कळवळत परत आले. त्यानंतर वर्षभर खाट आणि भिंत. आत्याबाई रोज संध्याकाळी येऊन उशाशी बसायच्या, भांडायच्या आणि जायच्या.

एक दिवस त्या म्हणाल्या, "अण्णा, शनिवारीं मरुदानल्लूरास जाऊं."

"कशांत?"

"माझ्या वण्डीवर."

सासरे भिंतीकडे वळले. "मी मेलों म्हणजे चौघे नेतील. तोंवर थांबतों."

"चौघे नीट नेत नाहींत. हलवितात फार."

मी आणि बायको दारात उभे होतो. मग भिंतीकडूनच आवाज आला, "कोणत्या रस्त्यानें नेशील?"

शनिवारी सकाळी आत्याबाईंनी गाडी ओट्याशी आणून लावली. दोघांच्या वजनाचा अंदाज घेऊन स्प्रिंगा आधीच बेतल्या होत्या, टायरमधली हवा जराशी सोडली होती, बैठकीवर घोंगडी घडी करून बांधली होती. अण्णांना वजन विचारलं, तेव्हा ते खेकसले, "पूर्वीं होतें तितकेंच." आत्याबाई पुढे बसल्या. आम्ही सासऱ्यांना धरून मागे बसवलं. मी दोरा धरून खाली वाकलो होतो.

गाडी खाली बसलीच नाही. आत्याबाई एकट्या बसल्यावर होती, तिथून जेमतेम नखभर हलली. मला वाटलं, दोरा चुकला. आत्याबाई उतरल्या, स्वतः दोरा धरला, पुन्हा बघितलं. कॉलर एक खाच सैल केली, मग आणखी एक, मग शेवटची. एरवी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माणसांची वजनं सांगणारी ही बाई त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. अंगावर ढगळ सदरा, खांद्यावर उपरणं, त्याच्या आत माझे सासरे किती उरले होते हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी वरून विचारलं, "काय झालें?"

"कांहीं नाहीं. वण्डी जुनी झाली," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोरा खिशात घातला.

मी मागून माझ्या गाडीवर गेलो. त्या इतक्या हळू चालवत होत्या की सायकलवाले पुढे जात होते. प्रत्येक खड्ड्याआधी त्या मागे वळून सांगायच्या, "येतो बघ," आणि सासऱ्यांचा हात बहिणीच्या खांद्यावर घट्ट व्हायचा. मठात त्यांना पाहून झांजा थांबल्या. ते गायले. आवाज चिरका झाला होता, पण शब्द एकही चुकला नाही. बाहेर गाडीपाशी आत्याबाई मला म्हणाल्या, "मी नर्स. रोज उशाशीं बसतें. मला कळलें नाहीं, स्प्रिंगेस कळलें." आणि त्या लुगड्याच्या पदरानं टाकी पुसत बसल्या. टाकी स्वच्छच होती.

त्याच आठवड्यात त्यांनी भावाला तंजावरच्या डॉक्टरांकडे नेलं. आजार पोटाचा निघाला, आणि जुना. औषधं सुरू झाली, मध्ये मध्ये तब्येत सावरली. शनिवार मात्र चुकला नाही. एखाद्या शनिवारी गाडी केसभर जास्त बसली की आत्याबाई स्वयंपाकघरात येऊन माझ्या बायकोला हळूच सांगायच्या, "आज उतरली गो." त्या दिवशी घरात गोड व्हायचं, आणि कशासाठी ते सासऱ्यांना कधी कळलं नाही. ते मागे बसून बहिणीच्या चालवण्याला नावं ठेवायचे, "मेदुवा, मेदुवा," म्हणजे हळू, हळू, आणि त्या म्हणायच्या, "याहून हळू गेलों तर मागें जाऊं." एवढं बोलणं त्या दोघांत आयुष्यभरात झालं नसेल. पुढे पावसाळ्याच्या तोंडी सासरे गेले.

आता मरुदानल्लूरचा रस्ता नवा झालाय, गुळगुळीत. परवा आम्ही दोघं आपापल्या गाडीवरून मठात गेलो. मी म्हटलं, "आत्याबाई, रस्ता काय सुंदर केलाय."

"होय," त्या म्हणाल्या. "आतां केला."

येताना मी त्यांच्या मागे होतो. रस्ता मोकळा होता, ऊन उतरलं होतं, दोन्हीकडे भात लागलेला. तरी त्यांची गाडी मध्येच हळू व्हायची, किंचित बाजूला वळायची, मग पुन्हा सरळ चालायची. आधी मला उमगेना. मग लक्षात आलं, पूर्वी जिथे जिथे खड्डे होते, त्या सगळ्या जागा त्या अजून चुकवत होत्या.