सुधाकरकाकांचा राहिलेला फोटो

माझ्या लग्नाच्या ग्रुप फोटोत सुधाकरकाका नाहीत, कारण ते हात धुवायला गेले होते.

फोटोग्राफरने "सगळे आले का?" असं विचारलं, माझे वडील, म्हणजे नाना, "आले, आले, काढा" म्हणाले, आणि काका रुमालाने हात पुसत बाहेर आले तेव्हा मंडळी खुर्च्यांवरून उठत होती. काका बॅग भरून त्याच संध्याकाळी अकोल्याला निघून गेले. तेव्हापासून हे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे ते माझ्या आईमार्फत. ("वहिनी, दादाला दिवाळीच्या शुभेच्छा सांगा." "अगं, त्याला सांग, मिळाल्या.")

नानांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि काका येणार असा निरोप आला, अर्थात आईमार्फत. नाना म्हणाले, "मला सत्कार-बित्कार काही नको. सुधाकर आणि मी, सोफ्यावर बाजूबाजूला, एक फोटो. बस. तेवढं झालं की मी सुटलो."

दुर्दैवाने हे ते माझ्यासमोर म्हणाले, आणि मी नुकताच एक जुना रशियन कॅमेरा विकत घेतला होता.

मी मुळात उतावळा माणूस आहे. चहा निवायची वाट न बघता जीभ भाजून घेतो, लिफ्ट येईपर्यंत बटण दाबत राहतो. फिल्म कॅमेरा माणसाला धीर शिकवतो, असं कुणीतरी मला सांगितलं होतं. कॅमेरा चांगला विटेएवढा जड. डोळ्याला लावला की एका माणसाच्या दोन प्रतिमा दिसायच्या, रिंग फिरवून त्या एकावर एक आणायच्या, मग बटण दाबायचं. दाराची कडी पडल्यासारखा आवाज यायचा आणि मला आतून गार वाटायचं. फोटो कसा आला हे मात्र कळायचं नाही. त्या न कळण्याने मी रात्रंदिवस खोलीत येरझाऱ्या घालायचो. धीर यायचा तो बहुधा त्याच वाटेने येणार होता!

"नाना, हा फोटो फिल्मवरच निघणार," मी जाहीर केलं. "फिल्मवरची चूक फिल्मवरच दुरुस्त व्हायला पाहिजे."

"मोबाईलमध्ये काय बुराई आहे रे?" नाना म्हणाले. "फटाक से निघतो."

"मोबाईलचे फोटो कोण बघतं?"

"मी बघतो," नाना म्हणाले. ते मी ऐकलं नाही.

सरावासाठी मी एक रोल इंदूरभर फिरून संपवला. पोह्यांची गाडी, जिलबीची कढई, खजराना गणपतीच्या देवळासमोरची हारवाली, सकाळी सकाळी आमच्या गल्लीत येणारी कचऱ्याची गाडी, जे समोर येईल ते. हा वापरलेला रोल आणि कार्यक्रमासाठीचा कोरा रोल, दोन्ही आपापल्या डबीत घालून, फिल्म गारव्यात टिकते म्हणून फ्रीजच्या दारात ठेवले. वापरलेल्या डबीवर फुली मारली होती. एवढी शिस्त मी आयुष्यात प्रथमच पाळत होतो.

कार्यक्रमाच्या सकाळी फ्रीज उघडला तर दोन्ही रोल स्टीलच्या वाटीत, शेजारी शेजारी. डब्या गायब.

"आई, माझ्या डब्या?"

"त्यांत सुधाकरसाठी जीरावन भरलं," आई म्हणाली. "अकोल्याला असा मसाला कुठे मिळतो? आणि डब्ब्या किती छान आहेत, सांडत नाही काही."

"अगं, पण यातला वापरलेला कुठला?"

"मला काय माहीत? दोन्ही सारखेच दिसतात. आणि फ्रीजमध्ये रोल ठेवतात का रे? मी कोथिंबीर कुठे ठेवू?"

वापरलेला रोल गुंडाळताना फिल्मची जीभ, म्हणजे टोकाची पट्टी, पूर्ण आत घ्यायची असते, म्हणजे घोटाळा होत नाही. मी घाईत ती बाहेरच ठेवली होती. त्यामुळे दोन्ही रोल जुळ्या भावांसारखे जिभा काढून माझ्याकडे बघत होते. मी दोन्ही हातांत धरून वजन करून पाहिलं. कानाशी हलवून पाहिले. वासही घेतला. (दोघांनाही कोथिंबिरीचा वास येत होता.)

माझी बायको माधवी दारात उभी राहून हे बघत होती. "कळत नाहीये ना? मग मोबाईल घे."

"कळलं," मी म्हणालो आणि डावीकडचा उचलला.

शिवाय सगळ्या पाहुण्यांचे मोबाईल गोळा करून पोळ्यांच्या डब्यात ठेवले. कुणी मध्येच फटाफट फोटो काढून माझ्या कलेचा रसभंग करायला नको!

नानांना ओवाळून झालं आणि दोघं भाऊ सोफ्यावर बसले. बसले म्हणजे दोन टोकांना. मध्ये आरामात तिसरा भाऊ मावला असता.

"काका, जरा जवळ सरका."

"वहिनी, दादाला विचारा, चालेल का."

"त्याला सांग, चालेल," नाना म्हणाले.

काका चार बोटं सरकले. मी रिंग फिरवली, कडी पडली. नानांनी इतका मोठा श्वास सोडला की मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी काका जीरावन घेऊन अकोल्याला गेले. दोघांत एक शब्दही झाला नव्हता, पण फोटो होता.

रोल मी कुरिअरने मुंबईच्या लॅबला पाठवला आणि माझी झोप उडाली. लॅबवाल्याला इतके फोन केले की त्याने माझा फोन उचलणं सोडून दिलं. नाना रोज पोह्यांवर शेव टाकता टाकता विचारायचे, "आला का रे?" मी कॉलेजात तास घेता घेता मेल उघडून बघायचो. माधवी म्हणाली, "धीर शिकणार होतास ना? आम्हाला मात्र शिकवलास."

शेवटी मेल आली. नाना माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

पहिल्या फोटोत नानांच्या डोक्यावर जिलबीची कढई उकळत होती. दुसऱ्यात माधवीच्या शालूतून पोह्यांची गाडी आरपार गेली होती. एकाच फिल्मवर दोनदा फोटो काढले की असंच होतं. मी डावीकडचा उचलायला नको होता. तरी एकेक फोटो पुढे सरकवत गेलो आणि तो फोटो आला.

सोफ्याच्या एका टोकाला नाना, एका टोकाला काका, आणि मधल्या सगळ्या मोकळ्या जागेत आमच्या गल्लीतली कचऱ्याची गाडी. गाडीवरची अक्षरं स्वच्छ आली होती. नानांच्या छातीवर 'गीला कचरा', काकांच्या छातीवर 'सूखा कचरा'.

मला रडू यायच्या बेतात होतं. वडिलांनी एकच गोष्ट मागितली होती आणि मी तीही धड केली नव्हती. नाना वाकले, चष्मा वर केला, फोटो नीट बघितला. मग म्हणाले, "फोन लाव."

"लॅबला?"

"सुधाकरला. दे इकडे." आणि आईला मध्ये न घेता नाना थेट बोलले, "सुधाकर? अरे, फोटो आला. तू सूखा, मी गीला... नाही रे, खरंच! गाडीवर लिहिलंय भिया! पाठवतो, थांब."

पलीकडून काकांचा हसण्याचा आवाज मला खुर्चीत बसून ऐकू येत होता. हसता हसता दोघं भांडले (गीला कोण व्हायला हवा यावर), मग दोघांचाही आवाज बसला, आणि मग ते बराच वेळ नुसतेच बोलत राहिले. आई स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. तिची नोकरी गेली होती.

तो फोटो आता दोन्ही घरांत भिंतीवर आहे. काकांच्या नातीचा साखरपुडा ठरला तेव्हा काकांनी मला मुद्दाम बोलावलं आणि बजावलं, "शिरीष, तसाच एक काढायचा बरं का."

मी जिवाचं रान केलं. एकाच रोलवर दोनदा फोटो काढले, हिशोब करून, मुद्दाम. लॅबकडून मेल येईपर्यंत पुन्हा येरझाऱ्या. फोटो आले. दुसऱ्या वेळी, म्हणजे साखरपुड्यात, मी घाईत वापरलेल्याऐवजी नवाच रोल भरला होता. सगळे फोटो स्वच्छ, स्पष्ट, प्रत्येक माणूस जागच्या जागी.

काकांचा फोन आला. म्हणाले, "बिघडवलास ना रे शेवटी?"