‘नको’ आणि ‘नकोत’

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

मी नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. दुसऱ्यांच्या चुका काढणं हेच काम. धाकटी बहीण सुनीता रेणापूरला, तीन भावांच्या एकत्र घरात दिलेली. मागच्या वर्षी त्यांच्याकडे कॉम्प्युटर आला. नवशिक्यांनी प्रोग्रॅमिंगच्या कुठल्या भाषेचा कोर्स घ्यावा, असं तिनं मला विचारलं. थोरली जाऊ कमलअक्का सोबत शिकणार होत्या. अक्कांना प्रश्न फार — एकेका गोष्टीवर दहा.

मी व्हॉइस मेसेज पाठवला : “पायथन घे, सोपं पडेल. सुरुवातीला जावा नकोत, डोक्याला ताप.”

सुनीतानं तो स्वयंपाकघरात मोठ्यानं लावला. अक्का तिथंच भाकरी थापत होत्या.

संध्याकाळी फोन आला — स्पीकरवर अख्खं घर. मी काय करायला हवं होतं? माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. अवघड असते, म्हणून नको म्हणालो.

खोटं होतं का? भाषा खरीच आहे. अवघडही आहे. पण भाषेला मी ‘नको’ म्हणालो असतो — ‘नकोत’ नाही.

“भाऊ, तुमी ‘नकोत’ म्हणलाव की,” अक्का म्हणाल्या. “लाव गं सुनीता परत.”

तोवर मी तो मेसेज दोन्हीकडून पुसला होता. चुकून पुसला गेला, म्हणालो.

“भाऊ पेपरात हायत, त्यांची भाषा चुकंल व्हय?” मधली जाऊ म्हणाली. “अक्का, तुमी कॉम्प्युटरच्या भाषेवर रुसलाव!” सगळे हसले.

“चुकलं भाऊ,” अक्का म्हणाल्या. “अडाणी माणूस मी. मनावर घेऊ नका.”

मी काय म्हणालो असेन? “असू द्या.” — इतक्या मोठ्या मनानं!

आता हा किस्सा प्रत्येक लग्नात होतो. अक्का पदर तोंडाला लावून हसतात. मीही हसतो. सुनीता पायथन शिकली. अक्का कॉम्प्युटरसमोर बसल्याच नाहीत — “मला भाषाच कळंना, मी काय शिकू?”

भाषा नीट कळणारं त्या घरात तेवढंच एक माणूस होतं.